४-५-३-६ कॉर्ड प्रोग्रेशन नीट कसं वाजवायचं: पेटी, कीबोर्ड आणि गिटारवाल्यांसाठी पायरीपायरीने

जपानी पॉप, ॲनिमेची गाणी, तैवान-चीनमधली मँडरिन बॅलड्स आणि पाश्चात्त्य पॉपमधलीसुद्धा बरीच गाणी चार कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर) ज्या एका साखळीवर चालतात ती म्हणजे ४-५-३-६. जपानमधे हिला ओदो शिंको म्हणजे राजमार्ग म्हणतात, चिनी गाणी वाजवणारे सरळ आकड्यांनीच बोलतात. आपल्याकडे बरेच जण नेटवरून चार कॉर्डची नावं उतरवून घेतात, वाजवतात आणि मग विचारतात की कॉर्ड तर बरोबर आहेत, मग गाण्यात जी हुरहुर वाटते ती इथे का नाही. कॉर्ड बरोबरच असतात. चुकतं ते बेसमधे म्हणजे सगळ्यात खालच्या सुरात, हात कुठून कुठे नेला त्यात आणि सा कुठे आहे या समजुतीत. म्हणून इथे ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका.

पेटी शिकलेल्या माणसाला हे खरं तर लवकर जमायला हवं, कारण सरगम आधीच डोक्यात असते. म्हणून सगळं सरगममधेच सांगतो आणि कॉर्डची इंग्रजी नावं सोबत देतो.

## आधी तयारी

सगळे स्वर शुद्ध धरायचे, बिलावल थाट. सा म्हणजे १, रे २, ग ३, म ४, प ५, ध ६. ४-५-३-६ म्हणजे म वरची कॉर्ड, मग प वरची, मग ग वरची, मग ध वरची. सा पांढरी १ ला (म्हणजे सी ला) धरला तर कॉर्ड होतात एफ मेजर सेव्हन, जी, ई मायनर सेव्हन, ए मायनर. पहिल्या दोन मेजर जातीच्या, शेवटच्या दोन मायनर (कॉर्डच्या मूळ सुराला सा धरलं तर मेजरमधे शुद्ध ग येतो, मायनरमधे कोमल ग). ग वरची कॉर्ड सवयीने मेजर वाजवू नका, ही चूक फार जण करतात (मेजर करायची पण एक जागा आहे, ती पायरी ७ मधे).

सुरुवातीला पांढरी १ च धरा, तुमची गायची पट्टी काळी ४ असली तरी. पट्टी नंतर बदलू.

वाजवायला बसण्याआधी तीन गोष्टी करा.

तानपुऱ्याचं ॲप किंवा पेटीचा ड्रोन बंद करा. सा-प चा सूर मागे चालू ठेवायची आपल्याला सवय असते, पण इथे दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉर्डमधे नि आहे आणि सा नाही, त्यामुळे मागचा सा त्या नि ला घासतो आणि बरोबर वाजवूनही बेसूर वाटतं.

कीबोर्डवरची स्टाइल, म्हणजे आपोआप साथ देणारा प्रकार, तोही बंद. स्टाइल चालू असली की बेस कीबोर्ड ठरवतो, आणि या प्रोग्रेशनमधे बेस तुमच्याच हातात पाहिजे.

मेट्रोनोम ७० ला लावा. ७० फार हळू वाटेल, तरी ७० च.

## पायरी १: फक्त बेस

उजवा हात मांडीवर ठेवा. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर अगदी डावीकडचं पहिलं सप्तक घ्या. डाव्या हाताची करंगळी ग वर, अनामिका म वर, मधलं बोट प वर, तर्जनी ध वर. चार बोटं, लागून चार पांढऱ्या पट्ट्या. आता हात जागचा न हलवता वाजवा:

म – प – ग – ध

प्रत्येक सूर चार मात्रा धरायचा. म वरून प, एक पायरी वर. प वरून ग, खाली. ग वरून ध, वर उडी. मग परत म.

हे एवढं सोपं दिसतं म्हणून लोक एका मिनिटात पुढे जातात आणि तिथेच सगळं बिघडतं. हा बेस गळ्यातून येईपर्यंत थांबा, वाजवताना "म, प, ग, ध" असं गा. प वर आल्यावर कानाला सा हवासा वाटतो, कारण प वरची कॉर्ड स्वभावानेच सा कडे ओढते, लहानपणापासून ऐकलेल्या शेकडो गाण्यांनी कानाला ती सवय लावलेली आहे. आणि इथे सा येत नाही, ग येतो. या प्रोग्रेशनचा जीव त्या एका जागेत आहे. ते "नाही आलं" तुम्हाला स्वतःला ऐकू आलं तर पुढे वाजवताना तुम्ही त्या जागेवर घाई करणार नाही.

तपासा: कीबोर्ड बंद करून चार सूर नुसते गाता येतात का? मग हेडफोन लावून रिक ॲस्टलीचं १९८७ चं "नेव्हर गॉना गिव्ह यू अप" लावा आणि कोरस सुरू झाल्यावर फक्त खालचा बेस ऐका. तो म प ग ध आहे, पट्टी काळी १. सोबत गुणगुणता आलं तर पायरी १ झाली.

## पायरी २: उजव्या हाताचे दोन आकार

बहुतेक जण इथे चार वेगळ्या कॉर्ड शिकतात आणि उजवा हात कीबोर्डभर पळवतात. गरज नाही. उजव्या हाताला फक्त दोन आकार लागतात.

पहिला आकार: ध – सा – ग. म्हणजे कीबोर्डच्या मधल्या सा च्या लगेच खालचा ध, मग तो सा, मग वरचा ग. अंगठा ध वर, मधलं बोट सा वर, करंगळी ग वर.

दुसरा आकार: प – नि – रे. तीच बोटं, सगळी एकेक पांढरी पट्टी डावीकडे.

बास. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. बोटं उचलून आदळू नका, पट्टीला चिकटूनच सरकवा.

> इशारा: हे आकार आणखी एक सप्तक खाली नेऊ नका. खाली तीन सूर जवळजवळ वाजले की नुसता गढूळ आवाज येतो, मग लोकांना वाटतं कीबोर्डचा स्पीकर खराब आहे.

## पायरी ३: दोन्ही हात एकत्र

आता जोडा:

मात्रा १ ते ४: डावा म, उजवा ध-सा-ग
मात्रा ५ ते ८: डावा प, उजवा प-नि-रे
मात्रा ९ ते १२: डावा ग, उजवा प-नि-रे, तोच, हलवायचा नाही
मात्रा १३ ते १६: डावा ध, उजवा ध-सा-ग

नीट बघा. दुसऱ्या कॉर्डवरून तिसरीवर जाताना उजवा हात आहे तिथेच राहतो, फक्त डाव्या हाताचा सूर प वरून ग वर उतरतो, आणि तेवढ्याने मेजर कॉर्डची मायनर होते. वरती काहीच बदललेलं नाही आणि तरी सगळा भाव बदलला. चौथ्या कॉर्डवरून परत पहिलीवर येतानाही तेच, वर ध-सा-ग तसंच, खाली ध चा म झाला. म्हणजे सोळा मात्रांत उजवा हात फक्त दोनदा हलतो. चार कॉर्ड वेगवेगळ्या ठिकाणी उड्या मारत वाजवल्या की हे घडत नाही, प्रत्येक कॉर्ड सुटी सुटी ऐकू येते आणि तो ओघ जातो. मुळातलं गाणं आणि तुमचं वाजवणं यात जो फरक वाटत होता त्यातला मोठा भाग हाच.

आणखी एक, पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना बेस वर चढतो आणि उजवा हात खाली उतरतो. दोन हात उलट दिशेने जातात ते मुद्दाम ठेवलंय. दोन्ही हात एकदम वर सरकवले तर कॉर्ड त्याच राहतील पण अख्खा ठोकळा उचलून ठेवल्यासारखा आवाज येईल.

पेटीवर एकटे असाल तर अडचण अशी की डावा हात भात्यावर, म्हणजे बेस नाही, आणि बेस काढला तर वर उरतात फक्त दोन कॉर्ड. मग एका हातात चार सूर घ्यायचे: म-ध-सा-ग, प-नि-रे-म, ग-प-नि-रे, ध-सा-ग. चालतं, पण यात हाताला उड्या येतातच. शक्य असेल तर बेस दुसऱ्या कुणाला तरी द्या, बेस गिटार किंवा दुसरा कीबोर्ड.

तपासा, ग ची परीक्षा: लूप, म्हणजे ही सोळा मात्रांची फेरी, चालू ठेवा आणि सोळाही मात्रा फक्त ग गा, "आ" वर, सलग (श्वास पुरला नाही तर मधे घ्या). ग चारही कॉर्डवर बसायला हवा, पण प्रत्येक कॉर्डवर त्याचा रंग वेगळा लागायला हवा: पहिल्यावर अधांतरी, दुसऱ्यावर किंचित ओढ, तिसऱ्यावर घरचा, चौथ्यावर शांत. मग तसाच प गाऊन बघा, तोही चारही ठिकाणी चालतो. मग सा गा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉर्डवर सा टोचायला हवा. टोचला नाही तर तुम्ही काहीतरी वेगळंच वाजवताय, पायरी २ परत बघा.

## पायरी ४: सातवा सूर कुठे ठेवायचा, कुठे नाही

नेटवर कॉर्डच्या नावांपुढे सात लिहिलेला असतो, म्हणजे कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजलेला सातवा सूर, कुणी सगळीकडे घालतं, कुणी सगळीकडून काढून टाकतं. दोन्ही चूक.

म वरच्या कॉर्डमधे ग हवाच. म-ध-सा वाजवलं तर साधी एफ मेजर होते, स्वच्छ, आनंदी, आणि या प्रोग्रेशनसाठी फारच सपाट. आपल्या पहिल्या आकारात ग करंगळीखाली आहेच, त्यामुळे वेगळं काही करायचं नाही, फक्त करंगळी दबतेय ना ते बघा. करंगळी कमजोर असते आणि नेमका तोच सूर हरवतो.

ग वरच्या कॉर्डमधे रे आपोआप येतो. तोही असू द्या.

प वरच्या कॉर्डमधे म घालायचा की नाही, हे तुमच्यावर. घातला तर सा कडची ओढ वाढते आणि मग सा न आल्याची हुरहुरही वाढते. घालायचा असेल तर रे च्या जागी म घ्या: प-नि-म. करंगळी ग वरून म वर अर्धा सूर चढते, बाकीची दोन बोटं उतरतात, छान लागतं.

> इशारा: प-नि-म घेतलंत तर तिसऱ्या कॉर्डला करंगळी म वरून रे वर उतरलीच पाहिजे. म तसाच राहिला तर खाली ग आणि वर म, ही टक्कर कानाला लगेच कळते. सातवा सूर घालणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक.

ध वरच्या कॉर्डला सात नसला तरी काही बिघडत नाही. माझ्या मते साधी ए मायनरच बरी, एवढ्या ओढाताणीनंतर ती एक कॉर्ड साधी असलेली बरी वाटते.

## पायरी ५: लय

सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग, म्हणजे तीनतालाचा सांगाडा डोळ्यासमोर आणलात तर हरवणार नाही. म ची कॉर्ड समेवर, आणि नवव्या मात्रेवर जिथे खाली येते तिथेच ग ची कॉर्ड येते, जिथे सा अपेक्षित होता आणि आला नाही. खालीची ती मोकळी जागा मनात धरून वाजवलं तर तिसरी कॉर्ड आपोआप जरा हलक्या हाताने पडते, आणि तशीच पडायला हवी.

फरक एवढाच की पॉपमधे जोर समेवर नसतो. चारच्या प्रत्येक गटात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्यांनी आधी नुसती २-४ वर टाळी देत रेकॉर्डसोबत पाच मिनिटं बसा, मग वाद्याला हात लावा.

क्रम असा ठेवा: आधी प्रत्येक कॉर्ड एकदाच दाबून चार मात्रा धरा. मग प्रत्येक मात्रेला उजवा हात, डावा हात फक्त पहिल्या मात्रेला. मग डाव्या हाताने पहिली आणि तिसरी मात्रा. वेग ७० वरून ८०, ९०, असं थोडं थोडं. सस्टेन पेडल असेल तर कॉर्ड बदलली की लगेच पेडल उचलून परत दाबा, आधीच्या कॉर्डचे सूर पुढच्यात गळू देऊ नका, प्रथम वर्षाचं कीबोर्डवालं पब्लिक पेडल दाबूनच बसतं आणि चारही कॉर्डची भेळ होते.

बऱ्याच जपानी गाण्यांत कॉर्ड अर्धी मात्रा आधीच बदलते, म्हणजे चौथ्या मात्रेच्या मध्यावर पुढची कॉर्ड येते आणि समेवर ती आधीच वाजत असते. ते फार सुंदर लागतं. पण सरळ लय पक्की झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका, नाहीतर ते घाई केल्यासारखं ऐकू येतं.

तपासा: फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि मेट्रोनोम लावून ऐका. तिसऱ्या कॉर्डला बेस उशिरा पडतोय का ते ऐका. तिथे करंगळी असते, आणि करंगळीच उशीर करते.

## पायरी ६: गिटारवर

गिटारवाले एफ मेजर सेव्हन सहसा वरच्या चार तारांवर घेतात: चौथी तार तिसरा फ्रेट, तिसरी तार दुसरा, दुसरी तार पहिला, पहिली मोकळी. सोपं आहे, पण मग म चा बेस चौथ्या तारेवर वर राहतो आणि पुढच्या जी चा प थेट सहाव्या तारेवर खाली पडतो. बेस एक पायरी चढायच्या ऐवजी कोसळतो. पायरी १ मधे गायलेला बेस आठवा, तो असा नव्हता.

उपाय: तीच कॉर्ड ठेवा आणि अंगठा मानेवरून आणून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट दाबा, पाचवी तार अंगठ्याच्या टोकानेच बंद करा. आता म सहाव्या तारेवर आला. पुढे प सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, ग सहावी मोकळी, ध पाचवी मोकळी. बेस सरळ झाला. हात लहान असेल आणि अंगठा पोचत नसेल तर बॅरे एफ (एक बोट आडवं ठेवून तारा दाबायचा प्रकार) घ्या आणि पहिली तार मोकळी सोडायचा प्रयत्न करा, जरा अवघड जातं पण होतं.

जी अशी घ्या: सहावी तार तिसरा फ्रेट मधल्या बोटाने, पाचवी तार दुसरा फ्रेट तर्जनीने, दुसरी आणि पहिली तार तिसरा फ्रेट अनामिका आणि करंगळीने. मग ई मायनर सेव्हनला फक्त मधलं बोट सहाव्या तारेवरून उचलून चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा, बाकीची तीन बोटं तशीच राहू द्या. कीबोर्डवर उजवा हात जागेवर राहिला होता तेच इथे. सगळी बोटं उचलून नवीन कॉर्ड लावायची सवय मोडा. ए मायनर नेहमीची.

## पायरी ७: तीन बदल, या क्रमाने शिका

साधी लूप डोळे मिटून वाजायला लागली की मगच.

बेस जागेवर ठेवणे. दुसऱ्या कॉर्डला डाव्या हाताने प न घेता म च चालू ठेवा, उजवा हात नेहमीसारखा प-नि-रे. बेस होतो म, म, ग, ध. प ची कॉर्ड वर वाजतेय पण खाली पाय म वरच, आणि तिथून ग वर येताना बेस फक्त अर्धा सूर उतरतो. अंतऱ्याला हा प्रकार आणि कोरसला साधा, असं केलं तर कोरस उघडल्यासारखा वाटतो.

ग ची कॉर्ड मेजर करणे. तिसऱ्या कॉर्डला उजव्या हातातला प अर्धा सूर चढवून कोमल ध करा: कोमल ध-नि-रे, खाली ग. पांढरी १ च्या पट्टीत पांढरी ५ च्या जागी काळी ४. ही ई सेव्हन कॉर्ड. तिच्यातला कोमल ध पुढच्या शुद्ध ध कडे असा काही झेपावतो की ए मायनर खरोखर पोचल्यासारखी वाटते. पण दर फेरीत करू नका. तीन फेऱ्या साध्या आणि चौथीला हा, एवढं पुरे.

> इशारा: त्या जागी गाण्याची चाल प वर असेल तर हा बदल करायचाच नाही. गळ्यात प आणि हातात कोमल ध, वाईट लागतं. आधी चाल बघा मग बदल.

शेपूट जोडणे. मँडरिन बॅलड्सवाले ज्याला ४-५-३-६-२-५-१ म्हणतात ते हेच. ध च्या कॉर्डनंतर रे, प, सा. उजव्या हातात ध-सा-ग होतं, त्यातला फक्त ग चढवून म करा: ध-सा-म, खाली रे. मग म धरून ठेवा, ध चा प, सा चा नि: प-नि-म, खाली प. मग प धरून नि चा सा आणि म चा ग: प-सा-ग, खाली सा. प्रत्येक वेळी एक-दोन बोटंच हलतात. रे आणि प ला चार-चार मात्रा, सा ला आठ. असं एकूण बत्तीस मात्रांचं चक्र होतं आणि इतका वेळ टाळलेला सा शेवटी येतो.

## पायरी ८: आपल्या पट्टीत नेणे

ट्रान्सपोजचं बटण घरी वापरा, पण इतरांसोबत वाजवताना टाळा. तुम्ही पांढरी १ दाबताय आणि आवाज काळी २ चा येतोय, शेजारचा तुमची बोटं बघून वाजवत असेल तर त्याचं सगळं चुकतं.

काळी १ साठी: डावा हात काळी ३, काळी ४, पांढरी ४, काळी ५, बोटं तीच. उजवा पहिला आकार काळी ५-काळी १-पांढरी ४, दुसरा काळी ४-पांढरी १-काळी २.

काळी ४ साठी: डावा हात काळी १, काळी २, पांढरी १, पांढरी ४. उजवा पहिला आकार पांढरी ४-काळी ४-पांढरी १, दुसरा काळी २-पांढरी ५-काळी ५.

गिटारवर पायरी ६ चेच आकार ठेवून कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) पहिल्या फ्रेटला लावला की काळी १, दुसऱ्याला पांढरी २, तिसऱ्याला काळी २. काळी ४ साठी कॅपो फार वर जातो, तेव्हा सी मेजर सेव्हन, डी, बी मायनर सेव्हन, ई मायनर हे आकार घ्या आणि कॅपो पहिल्या फ्रेटला. बी मायनर सेव्हन बॅरे न करता होते: पाचवी, तिसरी आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर, चौथी आणि दुसरी मोकळी, सहावी वाजवायची नाही.

## पायरी ९: यावर स्वतःची चाल बसवणे

इथे सगळ्यात मोठा गोंधळ सा चा. साखळी म पासून सुरू होते आणि ध वर संपते म्हणून कुणी म ला सा धरतं, कुणी ध ला. म ला सा धरलं की नि कोमल करायचा मोह होतो आणि दुसऱ्या कॉर्डच्या शुद्ध नि शी भांडण लागतं. सा वाजत नाही तरी सा तोच आहे, पांढरी १. गाताना तो मनात ठेवा.

मग नियम फार नाहीत. लांब ओढलेला सूर त्या वेळच्या कॉर्डमधला असावा, पळते सूर कुठलेही चालतात. प च्या कॉर्डवर सा ओढू नका, ग च्या कॉर्डवर म आणि सा ओढू नका. ग च्या कॉर्डवर म ओढणं तर अजिबातच नको. अडलात तर ग किंवा प वर परत या, ते चारही ठिकाणी सुरक्षित आहेत हे तुम्ही तपासलंय.

आणि एक स्पष्ट सांगतो, ज्या भावगीतात कोमल ग किंवा कोमल नि मुख्य आहे, किंवा चाल एखाद्या रागाच्या अंगाने जाते, त्यावर हे प्रोग्रेशन चढवू नका. रील्सवर असे प्रयोग बरेच दिसतात, पण तिथे चालीला वाकवून कॉर्डमधे बसवलेलं असतं आणि मूळ चालीवर अन्याय होतो. शुद्ध स्वरांची, मोकळी चाल असेल तर मात्र जरूर करून बघा.

## यांच्यात गल्लत करू नका

१-५-६-४ मधे सा ची कॉर्ड अगदी सुरुवातीलाच येते, त्यामुळे ऐकताना घर कुठे ते लगेच कळतं. ६-४-५-१ ला जपानमधे संगीतकार तेत्सुया कोमुरोच्या नावाने ओळखतात, तिथे शेवटी सा येतोच. आणि ४-३-६-१, म्हणजे १९८१ च्या "जस्ट द टू ऑफ अस" मधलं आणि जपानमधे शीना रिंगोच्या १९९९ च्या "मारुनोउची सॅडिस्टिक" मधलं, त्यात म नंतर बेस थेट अर्धा सूर खाली ग वर जातो आणि ग ची कॉर्ड मेजर असते. ओळखायची खूण सोपी: दुसऱ्या कॉर्डला बेस वर चढला तर ४-५-३-६ असू शकतं, उतरला तर बहुतेक हे शेवटचं.

## पायरी १०: गाणं संपवणं

लूप स्वतःहून कधीच संपत नाही, म्हणून लोक कंटाळून ए मायनरवर थांबतात आणि ऐकणाऱ्यांना कळत नाही की टाळ्या वाजवायच्या की नाहीत. दोन चांगले रस्ते आहेत. एक, शेवटच्या फेरीत म, प आणि मग ग न घेता थेट सा: उजव्या हातात ध-सा-ग, मग प-नि-रे, मग प-सा-ग, आणि डाव्या हाताची करंगळी ग सोडून दोन पांढऱ्या पट्ट्या खाली. लय शेवटच्या चार मात्रांत किंचित सैल करा, त्याआधी नाही. दुसरा रस्ता म्हणजे म च्या कॉर्डवरच थांबायचं, ध-सा-ग वर आणि म खाली, आणि सूर आपोआप विरेपर्यंत पेडल धरून ठेवायचं. गायक सोबत असेल तर कुठला रस्ता घेणार ते वाजवायच्या आधी ठरवा, कारण एकाने सा वर उतरायचं आणि दुसऱ्याने म वर थांबायचं असं झालं तर तो शेवट कुणालाच सावरता येत नाही.